चेहरा नको, चित्र मागा: नाशिकच्या भिंती रंगवून घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरात सार्वजनिक भिंतींवर चित्रं काढून घेणारे सर्व:
महापालिकेचे अधिकारी, गणेशोत्सव व जयंती मंडळं, सोसायट्यांच्या समित्या, महाविद्यालयं आणि सामाजिक निधीतून पैसे देणाऱ्या कंपन्या

विषय: प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे भिंतीवर रंगवून घेण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये दोन कामं हमखास निघतात: रस्ते खणणं आणि भिंती रंगवणं. पहिल्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. दुसरं आमच्या पोटापाण्याचं आहे, म्हणून हे पत्र. आम्ही या शहरात भिंती रंगवणारे, बोर्ड लिहिणारे, स्क्रीन प्रिंटिंग करणारे आणि चित्रकला शिकवणारे लोक आहोत. भिंतीवर माणूस काढून घ्यायचा म्हटलं की मागणी बहुतेक एकाच साच्यातली येते. क्रिकेटपटू एक, अभिनेत्री एक, कवी एक, शास्त्रज्ञ एक; प्रत्येकी दहा बाय दहा फूट; दर चौरस फुटावर; फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्या फोटोच्या कोपऱ्यात कुठल्यातरी संकेतस्थळाचा पुसट शिक्काही असतो.

प्रसिद्ध माणसं रंगवूच नका, असं आम्ही म्हणत नाही. सिनेमा, क्रिकेट, राजकारण, बुवा-महाराज आणि रील, लोक दिवसभर हेच बघतात; आजच्या चित्रकलेनं त्याच्याकडे पाठ फिरवून कसं चालेल? तक्रार एवढीच की तुम्ही चेहरा मागता, चित्र मागत नाही. तोंडावळा जमला की काम पास. त्या माणसाकडे प्रसिद्धी आधीच होती, तिचं चित्रकारानं काय केलं हा प्रश्न कामाच्या आदेशात कुठेच नसतो.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं नाव महाविद्यालयांच्या महोत्सवात फार निघतं. चार रंगांत चार चेहरे म्हणजे वॉरहॉल, अशी समजूत आहे. त्यानं प्रत्यक्षात काय केलं ते बघा. ऑगस्ट १९६२ मध्ये हॉलिवूडची नटी मेरिलिन मन्रो गेली. वॉरहॉलनं तिच्या १९५३ च्या ‘नायगारा’ सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला एक फोटो घेतला, मानेपर्यंत कापला आणि छपाईच्या जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, चढवला. ‘मेरिलिन डिप्टिक’ या कामात तो चेहरा पन्नास वेळा येतो: डावीकडे पंचवीस रंगीत, उजवीकडे पंचवीस फक्त काळ्या शाईत. उजवीकडचे काही चेहरे भरून काळे झालेत, काही इतके पुसट की दिसेनासे व्हायला आलेत. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला हे कशानं होतं ते सांगावं लागत नाही. जाळीत शाई जास्त बसली की बारीक ठिपके भरतात, शाई संपत आली की छाप फिकी येते. लग्नपत्रिकेवरचा गणपती असा उठला तर गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवेल. वॉरहॉलनं तो माल रद्दीत टाकला नाही. ओठांचा आणि केसांचा रंग जागा सोडून बसला होता, तोही तसाच ठेवला. छापून छापून झिजलेली नटी त्यामुळे समोर आली. संगणकावर एक बटण दाबून रंग बदललेल्या चार चेहऱ्यांत यातलं काहीच नसतं.

तेव्हा खरंच तसं काम हवं असेल तर ते छापूनच करून घ्या. फोटो ठिपक्यांत फोडताना इंचाला २५ ते ३० ओळी पुरतात, दुरून बघायच्या कामाला त्याहून बारीक ठिपका वायाच जातो. ३० ओळींना जाळी इंचाला निदान १२० ते १५० धाग्यांची लागते. ठिपक्यांच्या ओळी जाळीच्या धाग्यांना समांतर आल्या की चेहऱ्यावर लहरी उठतात, म्हणून ओळी साधारण साडेबावीस अंशांत तिरक्या ठेवायच्या. आधी सपाट रंग, शेवटी काळा. हे सिमेंटच्या खरबरीत भिंतीवर थेट छापता येत नाही, जाळी टेकतच नाही. आठ बाय चारचे प्रायमर मारलेले प्लायचे तक्ते छापून भिंतीवर ठोकावेत, किंवा कागदावर छापून खळीनं चिकटवावं. खळीवरचा कागद एका पावसाळ्यापुरता, हे आधीच मान्य करून.

आपल्याकडची उदाहरणं तर आणखी जवळची. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. पुढे जगभर नाव झाल्यावर त्यांनी माधुरी दीक्षितची चित्रमालिका केली, २००० साली तिला घेऊन ‘गजगामिनी’ हा सिनेमाही काढला. मोठा चित्रकार नटीच्या मागे काय लागलाय, अशी कुजबुज तेव्हा बरीच झाली. ज्यानं पोटासाठी नट-नट्यांचे वीस-वीस फुटी चेहरे रंगवले त्याला हा विषय हलका वाटण्याचं कारण नव्हतं. चित्रकार अतुल दोडियांचं १९९४ चं ‘बॉम्बे बकॅनियर’ घ्या. आदल्या वर्षी आलेल्या ‘बाझीगर’च्या पोस्टरवर शाहरुख खान ज्या थाटात होता, त्या थाटात चित्रकारानं स्वतःलाच रंगवलं. गॉगलच्या काचांत डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खक्कर हे दोन चित्रकार दिसतात. नट म्हणजे सगळ्यांचा नायक, पण चित्रकाराचे नायक कोण ते काचेत. पुष्पमाला एन. यांनी १९९६ ते ९८ मध्ये मुंबईत केलेल्या ‘फँटम लेडी’ या छायाचित्रमालिकेत त्या स्वतः जुन्या मारधाडपटांतली नायिका फिअरलेस नादिया हिच्या धर्तीच्या वेशात उभ्या आहेत. या कामांत ताऱ्याचा फोटो जसाच्या तसा उतरवलेला नाही. त्याची जागा बदलली, माणूस बदलला किंवा छपाईच बिघडू दिली.

नाशिकला तर हा विषय बाहेरून आणायचीही गरज नाही. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके रविवर्म्याच्या छापखान्यात काम करून सिनेमाकडे वळले, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला आणि १९४४ मध्ये इथेच ते गेले. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच माणसानं केल्या. हे साळुंके आधी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडत, असं सिनेमाचे जुने अभ्यासक लिहितात. पंचवटीच्या गावात, एका आचाऱ्याचा चेहरा, तोच राम आणि तोच सीता! प्रसिद्ध चेहरा म्हणजे काय, यावर याहून चांगलं भिंतीचं चित्र आम्हाला तरी सुचत नाही. मूकपट आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, कारण चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. चांगल्या प्रतीची चौकट हवी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे रीतसर मागा. इंटरनेटवरच्या फिक्या प्रतीत डोळ्यांच्या जागी दोन डागच मिळतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये अख्खे फाळके रंगवले गेले. आपण अजून त्यांचा तोच टोपीतला पासपोर्ट फोटो दहा बाय दहात बसवतोय.

दुसरं घरचं उदाहरण नाशिक रोडचं. देशात सर्वांत जास्त वेळा छापला जाणारा चेहरा नोटेवरचा, आणि नोटा छापणाऱ्या मोजक्या कारखान्यांपैकी एक आपल्याकडे. १९९६ पासूनच्या मालिकेतला गांधीजींचा चेहरा १९४६ च्या एका छायाचित्रातून कापून घेतलेला आहे. मूळ फोटोत शेजारी आणखी एक जण आहे. तो कापला गेला आणि उरलेला चेहरा उलट बाजूनं छापला गेला. कापणं, उलटवणं, कोट्यवधी वेळा छापणं, वॉरहॉलच्या यादीतलं सगळं यात आलं. त्यानंही १९६२ साली स्क्रीनवर आधी डॉलरच्या नोटाच छापल्या होत्या. यावर कोणी काम करणार असेल तर एक सावधगिरी: नोटेच्या मापाची, नोटेसारखी दिसणारी वस्तू छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली येतं. नोटेचा एखादा तुकडा दहा फूट मोठा करा, पण खिशात मावेल असं काही छापून वाटू नका.

तिसरं म्हणजे फ्लेक्स. यावर आमचे कलाशिक्षक नाक मुरडतात, पण आज नाशिकचं सर्वांत जिवंत व्यक्तिचित्रण तेच आहे. सिडकोतला किंवा पंचवटीतला कुठलाही वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघा. उजवीकडे कमरेपर्यंतचे ‘भाऊ’, हात जोडलेले किंवा मोबाइल कानाला. कडेला पांढरी रेघ, म्हणजे पार्श्वभूमीतून सुटून पुढे येतात. वरच्या पट्टीत गोलात नेते, पक्षातल्या उतरंडीप्रमाणे डावीकडून उजवीकडे. एखादा गोल चुकला तर रातोरात फ्लेक्स बदलतो. तळाला तिकिटाएवढे शुभेच्छुक, तीसचाळीस तरी, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपला चेहरा कुठे आहे ते पाठ असतं. मागे सोनेरी किरण आणि कोपऱ्यात वाघ किंवा सिंह. प्रसिद्धीचा हा असा कडक व्याकरणाचा नमुना आयता समोर असताना ‘पॉप आर्ट’साठी, म्हणजे बाजारातल्या आणि प्रसिद्ध गोष्टींच्या चित्रकलेसाठी, वॉरहॉलनं रंगवलेल्या अमेरिकेच्या सूपच्या डब्यांकडे का धावायचं? हीच मांडणी हातानं रंगवा आणि फक्त जागा फिरवा: नेत्यांच्या गोलात पहाटे रस्ता झाडणारे कर्मचारी, त्यांची लेखी संमती घेऊन, आणि मोठ्या आकृतीची जागा रिकामी, पांढऱ्या रेघेसकट. हे चित्र लोक थांबून बघतील याची आम्हाला खात्री आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत मात्र ते रंगवू नका, झाकावं लागेल.

आता कागदपत्रांकडे येतो, कारण खरी फजिती इथे होते.

तुम्ही पाठवलेला फोटो ज्याचा चेहरा आहे त्याच्या मालकीचा नसतो, तो फोटोग्राफरचा किंवा ज्यानं पैसे देऊन काढून घेतला त्याचा असतो. सिनेमातली चौकट निर्मात्याची असते. आपल्याकडे छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. ‘आम्ही हातानं रंगवलं, म्हणजे नवीन झालं’ हा बचाव कमकुवत आहे. वॉरहॉलच्या बाबतीतच बघा. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून त्यानं चित्रं केली. त्यातलं एक चित्र वॉरहॉलच्या मागे त्याच्या नावानं चालणाऱ्या फाउंडेशननं २०१६ मध्ये प्रिन्सच्या मृत्यूनंतर मासिकाला वापरायला दिलं, त्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ अशा मतांनी फोटोग्राफरच्या बाजूनं निकाल दिला. मासिकाला फोटो जसा दिला जातो तसंच चित्र दिलं, वापराचा हेतू बदलला कुठे, असा तो मुद्दा होता. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण भिंतीवर ‘फोटोसारखाच फोटो’ मागणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

जिवंत व्यक्तीचा दुसरा हक्क चेहऱ्याचा. अमिताभ बच्चन (२०२२) आणि अनिल कपूर (२०२३) यांना दिल्ली उच्च न्यायालयानं नाव, चेहरा, आवाज यांच्या व्यापारी वापराविरुद्ध संरक्षण दिलं. अनिल कपूरच्या आदेशात ‘झकास’ हा शब्दसुद्धा आला. त्याच न्यायालयानं २०१० मध्ये, दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या खटल्यात, व्यंगचित्र आणि विडंबन यांचा गळा या हक्कानं आवळला जाऊ नये असंही बजावलं होतं. आमच्या कामापुरता अर्थ असा: निव्वळ कलाकृती म्हणून काढलेल्या चित्राला बरीच मोकळीक असते, खाली कंपनीचं बोधचिन्ह आलं की ती जाहिरात होते. सामाजिक निधीवाल्या कंपन्यांनी हे विशेष वाचावं. चेहऱ्याच्या बाजूला तीन फुटी लोगो लावू नका. पैसे कोणी दिले ते वेगळ्या फलकावर, चित्राच्या चौकटीबाहेर, सर्वांच्या नावांसोबत एकाच मापाच्या अक्षरांत येऊ द्या.

छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांच्याबाबत तर कायदाच वेगळा आहे. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धच्या अधिनियमाच्या अनुसूचीत त्यांचं नाव आणि चित्र आहे. धंद्यासाठी त्यांचा वापर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. महाराजांच्या चित्राखाली ज्वेलर्सचं नाव ही आपल्याकडे इतकी सरावाची गोष्ट झालीय की ती चूक आहे हेच कोणाला वाटत नाही.

कुसुमाग्रजांच्या चेहऱ्यासोबत कविता हवी, ही २७ फेब्रुवारीच्या आधीची नेहमीची मागणी. ते १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क २०५९ संपेपर्यंत आहे. पूर्ण कविता भिंतीवर लिहायची तर हक्कदारांची परवानगी घ्या. आणि मजकूर पुस्तकातून उतरवा, फॉरवर्डमधून नाही. सहा इंची अक्षरातला ऱ्हस्व-दीर्घ पुसायला पुन्हा परांची बांधावी लागते, तिचं भाडं कोणीच द्यायला तयार नसतं.

सिंहस्थात साधू-महंतही प्रसिद्धच. त्यांनाही हाच नियम लावा: संमती, आणि ती लेखी. एका आखाड्याचे महंत मोठे आणि दुसऱ्याचे लहान काढलेत तर पुढचं सांगायला नको.

भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी कामाच्या आदेशाला जोडा. १९९५ च्या विद्रुपीकरणविरोधी कायद्याखाली ब्रश हातात असलेला माणूस आधी पकडला जातो, ठेकेदार नंतर सापडतो. उड्डाणपुलाचा खांब, रेल्वेची भिंत, एसटी स्टँडची भिंत, प्रत्येकाचा मालक वेगळा; महामार्गावरच्या पुलाला महामार्ग प्राधिकरणाचं पत्र लागतं, महापालिकेचं पुरत नाही. आणि गोदाघाटावरच्या काळ्या पाषाणाला कृपा करून रंग लावून घेऊ नका. दगडाच्या सांध्यांतून ओल सतत बाहेर येत असते, ॲक्रिलिकचा थर ती अडवतो आणि दोन पावसाळ्यांत रंगाबरोबर दगडाचा पापुद्रा घेऊन सुटतो. तिथे चित्रकार शिवाजी तुपे यांनी बसून जलरंग केले, ते कागदावर केले.

सिमेंटच्या भिंतीचं तंत्र आता थोडं तपशिलानं. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्या. त्याआधी सिमेंटमधला क्षार ताजा असतो. तो काही रंगांचा रंगच उडवतो आणि पांढरी भुकटी होऊन वर येतो. जुन्या भिंतीची ओल तपासायला दीड बाय दीड फुटाचं पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना टेपनं घट्ट चिकटवून रात्रभर, १६ ते २४ तास ठेवायचं. सकाळी आतून दव आलं असेल तर थांबायचं. बागेला लागून असलेल्या कंपाउंडची भिंत पलीकडच्या मातीतून पाणी ओढते, तिला पुढून कितीही चांगला रंग मारा, खालच्या दोन फुटांत लोणा येणारच. अशा भिंतीवर चेहऱ्याची हनुवटी तीन फुटांच्या वर घ्या आणि खालचा पट्टा गेरूच्या सपाट रंगाचा ठेवा; तो दरवर्षी पुन्हा मारता येतो. सुटलेला जुना रंग तारेच्या ब्रशनं खरवडणं, धुणं, वाळवणं यात दोन-तीन दिवस जातात. दर चौरस फुटावर काम दिलं की हेच दिवस आधी कापले जातात, कारण ते कोणाला दिसत नाहीत.

चाळीस बाय बारा फुटांची भिंत धरू, म्हणजे ४८० चौरस फूट. क्षाररोधक प्रायमरचा एक हात साधारण ५ लिटर. बाहेरच्या दर्जाच्या ॲक्रिलिक इमल्शनचा लिटर दोन हातांना ५० ते ६० चौरस फूट जातो, म्हणून जमिनीच्या, म्हणजे चित्राखालच्या, रंगाला ९ लिटर. चित्राच्या रंगांना आणखी ६ ते ८ लिटर, यातला निम्मा पांढरा. दोन हातांत ४ ते ६ तासांचं अंतर. पावसाळी हवेत जास्त. दोन माणसांना भिंत तयार करण्यापासून शेवटच्या हातापर्यंत दहा ते बारा कामाचे दिवस लागतात. परवा उद्घाटन आहे म्हणून तीन दिवसांत मागितलंत तर मिळेल ते तीन दिवसांचंच.

रंग कुठले? कातडीच्या छटा पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, पांढरा, काळा आणि चवीपुरता निळा एवढ्यांतच काढाव्यात. ही खनिजं उन्हाला दाद देत नाहीत. झगझगीत गुलाबी, केशरी, फ्लोरोसंट हे पश्चिमेच्या उन्हात काही महिन्यांत विटतात, आणि मग नटीच्या ओठांचा रंग तिच्या गालासारखा होतो. सिनेमाचे जुने बोर्ड पेंटर चेहऱ्याच्या सावलीत सरळ हिरवा आणि निळा टाकत, उजेडात नारंगी. जवळून भुतासारखं दिसे, रस्त्याच्या पलीकडून जिवंत.

मोठं करण्याच्या पद्धती तीन. खाने पाडणं सर्वांत भरवशाचं: आराखडा एका इंचाला एक फूट या मापात, भिंतीवर ओळंबा सोडून उभी रेघ, गेरूच्या दोरीनं फुटाफुटाचे चौकोन, चेहऱ्याच्या जागी सहा इंचांचे. खाका पुन्हा पुन्हा तोच चेहरा काढायचा असेल तेव्हा: कागदाला टाचणीनं भोकं, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. प्रोजेक्टर सर्वांत झटपट आणि सर्वांत फसवा. बारा फूट रुंद चित्राला तो साधारण अठरा फूट मागे लागतो, तिथे नेमका रस्ता असतो. जमिनीवर ठेवून वर झुकवला की चित्र वरच्या बाजूला पसरतं, कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती होते. सकाळी उजेडात कळतं तोवर रेषा पक्क्या झालेल्या असतात. प्रोजेक्टर टेबलावर चित्राच्या मध्याच्या उंचीला सपाट ठेवायचा आणि समोरचा पथदिवा तेवढा वेळ बंद करून घ्यायचा. ही परवानगी तुमच्याकडूनच लागते.

उंच भिंतीला खालून बघताना वरचा भाग दबतो, म्हणून कपाळ आणि केस थोडे ताणून काढावे लागतात. आराखड्याच्या कागदावर ते विचित्र दिसेल, तेव्हा ‘फोटोसारखं नाही’ म्हणून परत पाठवू नका. तोंडावळ्याची धास्ती आम्हाला कळते. वानखेडेवर २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरचा पुतळा उभा राहिला तेव्हा तो दुसऱ्याच क्रिकेटपटूसारखा दिसतो म्हणून गावभर विनोद झाले. पण साम्य बारकाव्यांत नसतं. फोटो छाया-प्रकाशाच्या चार पायऱ्यांत उतरवा आणि टपाल तिकिटाएवढा करून बघा. तरी ओळखू आला तर भिंतीवर ओळखू येणारच. पत्रकार परिषदेतले समोरून फ्लॅश मारलेले फोटो या परीक्षेत नापास होतात, कारण त्यांत सावलीच नसते.

रस्त्याचा वेगही धरा. ताशी ४० किलोमीटरनं जाणारा दुचाकीवाला सेकंदाला ११ मीटर जातो. तीस मीटर लांब भिंत त्याच्यासमोर तीन सेकंदही नसते. तिथे आठ महापुरुष आणि आठ सुविचार कोण वाचणार? एक मोठा आकार पुरे. बारीक काम सिग्नलच्या आणि बसथांब्याच्या भिंतींना द्या, लोक तिथे उभे असतात. खांब गोल असेल तर एका जागेवरून त्याचा जेमतेम एक तृतीयांश घेर नीट दिसतो. सहा फूट व्यासाच्या खांबाला ती जागा सव्वासहा फुटांची, तिच्याही कडा तिरप्या दिसतात, म्हणून चेहरा चार फुटांहून रुंद केला की कान मागे पळाले.

हल्ली आराखडे एआयनं बनवून पाठवतात. कल्पना दाखवायला हरकत नाही. त्यावरून थेट रंगवायला सांगू नका: नथ गालातून निघते, पैठणीच्या काठाची नक्षी मध्येच विरघळते, आणि चेहरा त्या नटीचा नसून तिच्या मावसबहिणीचा असतो.

पैशांबद्दल आमचा प्रस्ताव साधा आहे. आराखड्याचे पैसे वेगळे धरा, भिंतीच्या तयारीचे वेगळे, रंगकामाचे चौरस फुटावर. ३० टक्के आराखडा मंजूर होताना, ४० टक्के जमिनीचा रंग पूर्ण झाल्यावर, उरलेले ३० काम संपल्यापासून पंधरा दिवसांत. आराखड्यात दुरुस्त्या दोनदा. तिसऱ्यांदा साहेबांच्या मिसेसना निळा रंग आवडत नाही असं कळलं तर त्याचे पैसे पडतील. आदेशात विषयाच्या रकान्यात ‘अमुक व्यक्तीचं चित्र’ असं न लिहिता दोन ओळींत सांगा की त्या व्यक्तीबद्दल काय दाखवायचंय, आणि निवड करताना तीन जणांत निदान एक काम करणारा चित्रकार असू द्या.

चित्राचं वय आदेशातच लिहा. चांगल्या भिंतीवर चार-पाच वर्षं धरून चाला. त्यानंतर दुरुस्ती की पुसणं, ते कोण ठरवणार आणि किती दिवस आधी चित्रकाराला कळवणार, हेही. ही मेहेरबानी नाही. स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५७ कलावंताला त्याच्या कामाच्या विटंबनेविरुद्ध दाद मागू देतं. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं, तर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये द्यायला लावले. चित्रातली व्यक्ती उद्या एखाद्या प्रकरणात अडकली तर काय, हेही आधीच ठरलेलं बरं. रात्री कोणीतरी काळं फासून जातं आणि सकाळी पोलीस चित्रकाराला फोन करतात. म्हणून जिवंत व्यक्ती असेल तर चित्र काढता-घालता येणाऱ्या तक्त्यांवर करून घ्या. तक्ता उतरवायला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो.

पहिलं काम कुठे करायचं ठरलं की आधी त्याच भिंतीवर सहा बाय सहाचा एक नमुना करून घ्या: प्रायमर, दोन हात, आणि चित्रात येणारे सगळे रंग पट्ट्यांत. भिंत पश्चिमेकडे तोंड असलेली निवडा, मार्चमध्ये करा आणि जूनपर्यंत ऊन खाऊ द्या. पहिल्या दोन जोरदार सरींनंतर आम्हाला बोलवा, नखानं खरवडून बघू आणि मगच दर सांगू.

आपले,
नाशिकमधले काही चित्रकार, बोर्ड पेंटर, स्क्रीन प्रिंटर आणि कलाशिक्षक